वाचकांचे प्रश्न : हृदयाच्या पिशवीला भोक असेल तर?

मागच्या अंकात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ होती की क्वचित कधीतरी अशा ऑपरेशननंतर हृदय आपल्या पिशवीतून बाहेर सरकतं, म्हणजे हृदयाचा हर्निया होतो. पत्रं सगळी त्या एका ओळीवरच आली. कुणाच्या घरात झालेलं, कुणी रिपोर्टमध्ये वाचलेलं, कुणी नुसतंच घाबरलेलं. त्यातली पाच घेतलीयेत.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. माझ्या वडिलांचं (वय ६२) उजवं फुप्फुस पूर्ण काढलं, चार महिने झाले. ऑपरेशन व्यवस्थित झालं म्हणाले, रात्री बाबा आमच्याशी बोललेसुद्धा. सकाळी चादर बदलायला त्यांना कुशीवर वळवलं आणि बघता बघता सगळं बिघडलं, बीपी लागेना, चेहरा जांभळा, मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या. तसंच परत ऑपरेशनला नेलं. नंतर सांगितलं की हृदय उजवीकडे घसरलं होतं, आता जागेवर बसवून पॅच लावलाय. बाबा घरी आहेत, बरे आहेत. पण भाऊ म्हणतो सर्जनने भोक उघडं ठेवलं म्हणून झालं, काका म्हणतात नर्सने वळवायलाच नको होतं, आणि आई बाबांना रात्रभर कूस बदलू देत नाही. आता एक्स-रेमध्ये परत हृदय उजवीकडे सरकलंय असं लिहून आलंय, तेव्हापासून तर कुणाला झोप नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी आईंना सांगा की बाबांना हव्या त्या कुशीवर झोपू दे. चार महिन्यांनंतर ती भीती राहत नाही. आणि तो एक्स-रेसुद्धा घाबरायचा नाही, एक फुप्फुस पूर्ण काढलं की ती बाजू आधी हवेने भरलेली असते, मग हळूहळू तिथे पाणी साठतं, बरगड्या थोड्या जवळ येतात, छाती आणि पोट यांच्या मधला पडदा वर चढतो आणि मधलं सगळं सामान, हृदय धरून, त्या रिकाम्या बाजूला ओढलं जातं. हे पिशवीसकट होतं आणि महिनोन्महिने सावकाश होतं. बाबांना त्या सकाळी झालं ते वेगळं, त्यात पिशवी जागेवर होती आणि हृदय तिच्यातून बाहेर.

आता ते झालं कसं. हृदय छातीत मोकळं लटकत नसतं, त्याच्याभोवती पेरिकार्डियम नावाची चिवट पिशवी असते. आतला थर पातळ आणि गुळगुळीत, त्यात १५ ते ५० मिली पाणी, म्हणजे हृदय घासल्याशिवाय हलत राहतं. बाहेरचा थर जाड, तो खाली पडद्याला म्हणजे डायफ्रॅमला चिकटलेला, पुढे छातीच्या मधल्या हाडाला बांधलेला आणि वर मोठ्या रक्तवाहिन्यांवर चढलेला. सर्जन लोक गरज नसताना ही पिशवी उघडत नाहीत. पण गाठ फुप्फुसाच्या मुळाशी असली, म्हणजे जिथून रक्तवाहिन्या आत-बाहेर होतात तिथे, तर बाहेरून त्या रक्तवाहिनीला टाका घालायला जागाच उरत नाही, मग पिशवी उघडून आत जाऊन ती बांधावी लागते. कधी गाठ पिशवीलाच चिकटलेली असते, तेव्हा पिशवीचा तुकडा कापूनच काढतात, नाहीतर कॅन्सर मागे राहायचा. म्हणजे भोक हे निष्काळजीपणाने पडलेलं नसतं, ते गाठ पूर्ण काढण्याची किंमत असते.

भोक असलं म्हणून हृदय लगेच बाहेर येत नाही. शेजारी फुगलेलं फुप्फुस असेल तर ते हृदयाला आपोआप टेकू देतं, म्हणून फुप्फुसाचा एखादा भागच काढलेल्या पेशंटमध्ये हे फारच क्वचित. संपूर्ण फुप्फुस काढलं की शेजारी पोकळी आणि मधे भोक. अशात काहीतरी निमित्त लागतं. पेशंटला ऑपरेशन झालेल्या कुशीवर वळवलं, जोरदार खोकला आला, छातीतल्या नळीला चुकून सक्शन म्हणजे हवा खेचणारं यंत्र जोडलं गेलं, किंवा व्हेंटिलेटरने दुसरं फुप्फुस जास्त दाबाने फुगवलं आणि त्याने हृदयाला ढकललं. असं निमित्त बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत घडतं, फार तर पहिल्या दोन-तीन दिवसांत. नंतर आजूबाजूचं सगळं एकमेकांना चिकटायला लागतं आणि हृदयाला निसटायला वाट राहत नाही.

उजवीकडे आणि डावीकडे गंमत वेगळी आहे (गंमत म्हणू नये खरं तर). उजवीकडे हृदय बाहेर पडताना स्वतःभोवती फिरतं, आणि शरीरातलं सगळं रक्त हृदयात आणणाऱ्या वरच्या आणि खालच्या दोन मोठ्या शिरा पिळल्या जातात. रक्त आतच येत नाही, मग बाहेर काय जाणार, बीपी कोसळतं, आणि वरून उतरणारं रक्त अडल्यामुळे चेहरा काळानिळा होतो, मान फुगते. तुम्ही लिहिलेलं चित्र हुबेहूब हेच आहे. डावीकडे पीळ फारसा पडत नाही, तिथे हृदयाचा खालचा भाग, म्हणजे जो पंप करतो तोच, भोकातून बाहेर येतो आणि भोकाची कड त्याच्यावर आवळते, सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी. कडेखाली हृदयाची स्वतःची रक्तवाहिनी आली तर स्नायूंना रक्त मिळत नाही, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसायला लागतो, ठोके वेडेवाकडे पडतात.

आणि म्हणूनच ओळखायला अवघड. फुप्फुस काढल्यावर दुसऱ्या दिवशी बीपी कोसळलं तर डॉक्टरच्या डोक्यात आधी येतं रक्तस्राव, मग हार्ट अटॅक, मग फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी, आणि हे येतं सगळ्यात शेवटी, कारण बऱ्याच जणांनी आख्ख्या नोकरीत एकही केस बघितलेली नसते. पहिली केस वैद्यकीय साहित्यात नोंदवली ती बेटमन आणि टॅननबॉम या अमेरिकन डॉक्टरांनी, १९४८ साली, आणि त्यानंतर इतकी वर्षं झाली तरी अशा केसेस एकेक करूनच छापून येतात. ओळखून ताबडतोब उघडलं तरी साधारण निम्मे पेशंट दगावतात असं आजवरच्या नोंदी सांगतात, आणि ओळखलंच नाही तर जवळजवळ कुणीच वाचत नाही. तेव्हा तुमच्या बाबांच्या बाबतीत ज्याने कुणी आयसीयूत ते ओळखलं त्याला माझा नमस्कार सांगा.

त्या वेळी करतात काय, तर पहिली गोष्ट अगदी साधी, पेशंटला उलट वळवायचं, ऑपरेशन न झालेली बाजू खाली. कधी कधी नुसत्या वजनाने हृदय परत आत जातं आणि बीपी दिसायला लागतं. नळीला सक्शन असेल तर बंद, व्हेंटिलेटरचा दाब कमी, रिकाम्या बाजूत हवा भरून हृदयाला आतल्या बाजूला ढकलायचाही उपाय आहे. पण हे सगळं ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचेपर्यंतचं. एक्स-रे काढला तर उजवीकडची केस पटकन कळते, हृदय चक्क पलीकडे दिसतं, पण पेशंट इतका खालावलेला असेल तर एक्स-रेची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. छाती परत उघडायची, हृदय हाताने सरळ करून आत ठेवायचं आणि भोकावर पॅच शिवायचा, कृत्रिम कापडाचा किंवा प्राण्याच्या हृदयावरणापासून तयार केलेला. तो पॅच आयुष्यभर तसाच राहतो, बदलावा लागत नाही.

आता चूक कुणाची. उजवीकडचं भोक बंद करावं असाच सर्वसाधारण नियम आहे, त्यामुळे तुमच्या भावाचा प्रश्न काही अस्थानी नाही. पण भोक उघडं ठेवलं होतं असं तो म्हणतो ते त्याला कुणी सांगितलं? टाके घालून बंद केलं असेल आणि टाके खोकल्याने फाटले असतील हेही होतं. हॉस्पिटलकडून पहिल्या ऑपरेशनची नोट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पिशवी उघडली होती का, किती, आणि शेवटी तिचं काय केलं, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. नर्सवर मात्र राग नको. पेशंटला वळवायचं नाही असं कुठेच नसतं, न वळवलं तर कफ साठतो, पाठीला जखमा होतात. कुठल्या कुशीवर वळवायचं नाही हे सर्जनने लिहून द्यायचं असतं, आणि ते कॉटच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावलेलं असावं असं माझं स्पष्ट मत आहे, फाइलच्या सतराव्या पानावर लिहून उपयोग नाही. ते तिथे होतं का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रश्न : सर, माझं वय २४, मर्चंट नेव्हीच्या मेडिकलमध्ये एक्स-रेत हृदय डावीकडे सरकलेलं निघालं. आधी म्हणाले हृदय मोठं झालंय, मग इको केला त्यांना नीट काही दिसेना, शेवटी एमआरआयमध्ये आलं की डाव्या बाजूचं पेरिकार्डियम जन्मापासूनच पूर्ण गायब आहे. मला कधीही काही त्रास झालेला नाही, फक्त डाव्या कुशीवर झोपलो की धडधड जाणवते आणि कधी कधी टोचतं. घरी सगळे म्हणतात ऑपरेशन करून घे. नेटवर वाचलं की यात अचानक मृत्यू होऊ शकतो. काय करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : रिपोर्टमधला ‘पूर्ण’ हा शब्द परत एकदा वाचा, तुमची सगळी चिंता त्या शब्दावर मिटते.

ऐकायला उलटं वाटेल पण पिशवी अर्धवट असण्यापेक्षा एक बाजू पूर्णच नसलेली बरी. बाजू पूर्ण नसेल तर हृदय थोडं डावीकडे कलतं, थोडं जास्त हलतं, आणि आपलं काम करत राहतं, त्याला अडकायला कडच नाही. अशी माणसं म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने जातात. भोक मोठंही नाही आणि लहानही नाही, असं असतं तेव्हा घोटाळा. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला कानासारखा एक छोटा कोपरा असतो तो त्यातून बाहेर डोकावतो आणि अडकतो, किंवा खालचा कप्पा अडकतो, किंवा कड रक्तवाहिनीवर दाबते. नेटवर तुम्ही अचानक मृत्यूचं वाचलंत ते या अर्धवट प्रकाराबद्दल आहे, आणि तेही क्वचित. मगाशी सांगलीच्या ताईंना लिहिलं त्यातही हेच आहे, डावं फुप्फुस काढताना भोक नीट बंद होण्यासारखं नसेल तर काही सर्जन ते उलट खाली पडद्यापर्यंत मोठं करून ठेवतात, म्हणजे हृदय हललं तरी आवळलं जाणार नाही.

हा प्रकार नवा नाही. रिआल्दो कोलोंबो नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५५९ साली याचं पहिलं वर्णन केलं असं मानतात, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या तीनशेहून जास्त वर्षं आधी, शवविच्छेदन करताना. त्यानंतर बराच काळ हे मेल्यावरच कळायचं, जिवंत माणसात ऑपरेशनशिवाय निदान झालं ते १९५९ मध्ये. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदींमध्ये साधारण १४,००० मध्ये एक असं प्रमाण येतं. पुरुषांमध्ये बायकांच्या तिप्पट, आणि सुमारे ७० टक्के केसेस तुमच्यासारख्या डाव्या बाजूच्या. कारण असं सांगतात की गर्भात त्या बाजूची एक शीर वेळेआधीच बारीक होऊन जाते, पिशवीच्या वाढत्या पडद्याला रक्त कमी पडतं आणि तो पूर्ण होतच नाही. आईने गरोदरपणात काही खाल्लं-न खाल्लं याचा संबंध नाही, हे घरी सांगून ठेवा, कारण कुणीतरी बोलतंच.

एक्स-रेवाल्यांना हृदय मोठं वाटलं यात त्यांचा दोष नाही. पण बघायची एक खूण आहे, हृदय डावीकडे सरकलेलं असतं आणि श्वासनलिका मात्र बरोबर मध्यभागी असते. दुसऱ्या कशाने हृदय ढकललं किंवा ओढलं गेलं असतं तर तीही सरकली असती. शिवाय महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांच्या मधल्या खाचेत फुप्फुसाचा तुकडा शिरलेला दिसतो, एरवी पिशवी त्याला तिथे शिरू देत नाही. इकोवाल्याला दिसेना कारण तो नेहमीच्या जागी प्रोब ठेवून शोधत होता आणि हृदय काखेकडे सरकलेलं. एमआरआय केलात ते उत्तम, यात तीच सगळ्यात भरवशाची तपासणी.

दोन गोष्टी करा. एक, अशा सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये जन्मजात आणखी काहीतरी असतं, वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, दोन पाकळ्यांची झडप वगैरे, तर जन्मजात हृदयदोष बघणाऱ्या कार्डिऑलॉजिस्टकडून इको परत नीट करून घ्या. दुसरं, एमआरआयची कॉपी जपून ठेवा आणि पुढे कधी कुठलंही ऑपरेशन निघालं, किंवा अपघातात छातीत नळी घालायची वेळ आली, तर हे आधी सांगा, तुमचं हृदय डाव्या बरगड्यांच्या अगदी जवळ आहे आणि नळी घालणाऱ्याला ते माहीत असायला हवं. डाव्या कुशीवर टोचतं ते हृदय जास्त झुलल्यामुळे, उजव्या कुशीवर झोपा. ऑपरेशन नको. चक्कर येऊन पडलात, किंवा पळताना छातीत दुखून घाम फुटला, तर मात्र लगेच दाखवा. नोकरीचं त्यांचं मेडिकल बोर्ड ठरवेल, पण कार्डिऑलॉजिस्टकडून इंग्रजीत सविस्तर पत्र घेऊन जा, कारण समोरच्या डॉक्टरने हे नाव बहुधा परीक्षेनंतर पहिल्यांदाच ऐकलेलं असणार.

प्रश्न : माझा भाचा ड्रायव्हर आहे, गाडी कंटेनरवर आदळली आणि स्टिअरिंग छातीत बसलं. बरगड्या मोडल्या, आता बरा आहे. पण तिथल्या डॉक्टरांनी हृदयाची पिशवी फाटली नाही ना म्हणून सीटी केला होता. मुक्या माराने असं खरंच होतं? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : होतं, पण फार क्वचित, आणि झालं तर तो पेशंट बऱ्याचदा हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही. जोरदार मार बसतो तेव्हा पिशवी जास्त करून डाव्या बाजूला फाटते, जिथून पडद्याची नस खाली उतरते त्या नसेला समांतर. खालच्या बाजूने पडद्यासकटही फाटते, आणि मग उलटाच प्रकार, हृदय खाली नाही तर पोटातली आतडी वर हृदयाच्या पिशवीत. ते एक्स-रेत हृदयाशेजारी आतड्यातल्या हवेचे गोळे दिसल्यावर लक्षात येतं, कधी कधी अपघातानंतर कित्येक महिन्यांनी.

डॉक्टरांना संशय कशावरून येतो तर पेशंटला स्ट्रेचरवरून कॉटवर घेताना, कुशीवर करताना बीपी एकदम पडतं आणि परत उताणं केलं की सुधारतं, आणि बाहेर रक्तस्राव तर काही दिसत नाही. सीटीत हृदयाला मधेच कंबर आल्यासारखी दिसते, भोकाच्या कडेने आवळल्याची ती खूण, आणि पिशवी रिकामी, आत नुसती हवा. तुमच्या भाच्याच्या सीटीत हे काही नसेल आणि तो हिंडता-फिरता असेल तर तो विषय संपला. त्या डॉक्टरांनी हा विचार केला हेच मला आवडलं.

प्रश्न : मला जांघेतला हर्निया आहे, पट्टा वापरतो. तुमचा लेख वाचून विचारतो की हाच हर्निया वर चढून हृदयापर्यंत जाऊ शकतो का? आणि हृदयाच्या हर्नियाला पट्टा असतो का? — एक वाचक, लातूर

उत्तर : नाही काका, जांघेतला जांघेतच राहतो. हृदयाला पट्टा नसतो. पण तुम्ही जांघेत पट्टा बांधून किती दिवस काढणार आहात? पट्ट्याने हर्निया बरा होत नाही, आतडं अडकलं तर रात्री-बेरात्री इमर्जन्सीत ऑपरेशन करावं लागेल, त्यापेक्षा सर्जनला आताच दाखवा.

याच निमित्ताने आणखी दोघांना इथेच उत्तर देतो. ‘हृदयाला भोक’ म्हणजे लहान मुलांमध्ये ऐकतो तो आजार हृदयाच्या आतल्या भिंतीतला, त्याचा बाहेरच्या पिशवीशी संबंध नाही. आणि एंडोस्कोपीत ‘हायटस हर्निया’ लिहून आलंय तो पोटाचा, जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकतो आणि जळजळ होते. भरपूर लोकांना असतो, हृदय जागच्या जागी असतं.

प्रश्न : यजमानांची बायपास झाली. सर्जन सहज बोलून गेले की पेरिकार्डियम आम्ही उघडंच ठेवतो. तेव्हा काही वाटलं नाही, पण मागच्या अंकातलं वाचून धडकी भरली. त्यांचं हृदय बाहेर येईल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही येणार ताई. बायपासमध्ये पिशवी पुढून, मध्यभागी उभी चिरतात आणि बरेच सर्जन ती तशीच सोडतात किंवा सैलसर एक-दोन टाके घालतात, कारण ऑपरेशननंतर हृदय थोडं सुजलेलं असतं, घट्ट शिवलं तर त्याच्यावर दाब यायचा, शिवाय आत रक्त साचलं तर ते बाहेर यायला वाट हवी. आणि ही चीर जिथे आहे तिथे समोर लगेच छातीचं हाड, तारेने परत जोडलेलं. दोन्ही बाजूंना दोन्ही फुप्फुसं फुगलेली. हृदयाला जायला रिकामी जागाच नाही. सगळा घोटाळा भोकाशेजारी पोकळी असली तरच होतो आणि तुमच्या यजमानांची दोन्ही फुप्फुसं शाबूत आहेत.

याचा एकच तोटा, आणि तो सर्जनचा जास्त, तुमचा कमी. काही महिन्यांत हृदय पुढून हाडाच्या मागच्या बाजूला चिकटतं. पुढे कधी दुसऱ्यांदा छाती उघडायची वेळ आलीच तर करवत फार जपून चालवावी लागते, म्हणून त्याआधी हाड आणि हृदय यांच्यात किती अंतर उरलंय ते बघायला सीटी काढतात. यजमानांची डिस्चार्ज समरी तेवढी सांभाळून ठेवा, कुठली रक्तवाहिनी कुठे जोडलीये ते त्यात असतं. बाकी ते चालायला जातात का रोज? ते तुम्ही लिहिलं नाहीत.